बिनवासाचे झिंगे

आमच्या घरात मासळीची भांडी वेगळी आहेत. कालवण शिजवायचा एक काळा पडलेला जर्मनचा गंज, परतायचा एक वाकडा सराटा, एक विळी आणि पोचे आलेल्या काही थाळ्या. ही सगळी मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, टिनाच्या शेडखाली चुलीजवळ राहतात. आत येत नाहीत. मटण असो, मासळी असो, झिंगे असोत, शिजणार बाहेर, खाल्लं जाणार बाहेर आणि भांडी घासली जाणार बाहेरच्याच दगडावर. आमच्या गल्लीत बऱ्याच घरी हीच रीत आहे. खायला सगळे पुढे, बोटं चाटून खातात, पण आतली शेगडी सोवळी राहिली पाहिजे. असो. भांड्यांवर माझा राग नाही. ती बिचारी काळी असली तरी कामाची आहेत. त्या भांड्यांच्या रांगेत माझी आई बसवली गेली, याचा मला राग आहे, आणि हे लिहितानाही तो कमी झालेला नाही.

माझं माहेर कारधा. भंडाऱ्यातून वैनगंगेचा पूल ओलांडला की आलंच. आम्ही ढिवर. बाबा नदीत आणि तलावात जाळं टाकायचे, आई ती मासळी टोपलीत घेऊन भंडाऱ्याच्या बाजारात बसायची. आमच्या घरात स्वयंपाकघर नावाची वेगळी खोलीच नव्हती, त्यामुळे आत काय आणि बाहेर काय, हा प्रश्न कधी आला नाही. उन्हाळ्यात अंगणात जुन्या साडीवर झिंगे वाळत पडलेले असायचे आणि आम्हा भावंडांपैकी एकाला कावळे हाकलायला बसवलेलं असायचं. त्या झिंग्यांचा वास माझ्या दप्तराला होता, वेणीला होता, उशीला होता. शाळेतून येताना तो वास आला की आई बाजारातून परतली आहे हे मला वळणावरच कळायचं.

कॉलेजात भेटलेल्या मुलाशी मी लग्न केलं. शेतकऱ्याचं घर, गावाकडे धानाची शेती, भंडाऱ्यात स्वतःचं घर. सासूबाईंनी आधी खळखळ केली, दोन दिवस जेवल्या नाहीत, मग मान्य केलं. माझ्याशी त्या वाईट वागल्या असं मी कधीच म्हणणार नाही. माझं बाळंतपण त्यांनी केलं, मला टायफॉइड झाला तेव्हा उशाशी बसून राहिल्या. म्हणूनच तर पंचाईत आहे. सरळ वाईट माणसाशी सरळ भांडता येतं. इथे राग धरायला धड जागाच मिळत नाही आणि मग तो आतल्या आत आंबत राहतो.

लग्नानंतर आई पहिल्यांदा आमच्याकडे आली ती पुढच्या दाराने. नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून, हातात पळसाच्या पानांत बांधलेले ताजे झिंगे घेऊन. लेकीच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं? सासूबाई दारातच होत्या. ‘या’ म्हणाल्या. मग नाक जरासं आक्रसून, पण हसतच म्हणाल्या, “विहीणबाई, झिंगे हायेत ना? वास येते. तुम्ही बोळीतून मागं या ना, तिथंच ठेवू.”

आई बोळीतून मागे गेली. भांडी घासायच्या दगडाशेजारी तिला पाट दिला. चहा दिला, पोहे दिले, जाताना ओटी भरली. पाहुणचारात काही कमी केलं नाही. पुढच्या खेपेला आईच्या हातात झिंगे नव्हते, फक्त बोरं होती. तरी ती बोळीतूनच आली. त्यानंतर कायमचं तेच. तिला कोणी परत काही म्हटलं नाही, कारण म्हणायची गरजच उरली नव्हती.

मी ‘आत चल’ म्हणायची. तिच्याजवळ कारणं तयार असायची. पाय मातीचे आहेत. बाजारातून आली, अंगाला वास असेल. इथं हवा लागते. आपल्याला कुठं बसून राहायचं आहे? मी हात धरून ओढायला लागले की ती घाबरून आतल्या दाराकडे पाहायची आणि हळूच म्हणायची, “काहून तमाशा करतं वं? तुले नांदाचं आहे ना इथं?” मग मी हात सोडायची. पोरगी झाली, मोठी झाली, शिकून पुण्याला नोकरीला लागली, बाबा गेले, आईने बाजारात बसणं सोडलं, आणि तरी आमच्या घरातली आईची जागा त्या दगडाच्या बाजूचीच राहिली.

या डिसेंबरात पोरगी सुट्टी घेऊन आली. नागपूरला उतरून तिथल्या एका मोठ्या दुकानातून तिने खरेदी केली आणि बर्फाच्या पिशवीत भरून घेऊन आली. दारातून आत आली तीच घोषणा करत, “आई, उद्या डंपलिंग करणार आपण. झिंग्यांचे आणि एडामामेचे.”

मी म्हटलं, हे काय आणलंस? तिने पिशवी ओट्यावर उलटी केली. एका पाकिटात सोललेले झिंगे, डोकं नाही, मिशा नाहीत, बर्फात कडक झालेले. तलावांच्या जिल्ह्यात, नदीपासून हाकेच्या अंतरावर, पाकिटातले झिंगे. दुसऱ्या पाकिटात हिरवेगार दाणे. माझ्या नवऱ्याने ते पाकीट हातात घेतलं, चष्मा वर करून पाहिलं आणि मोठ्याने हसला.

“अवं, हे तं सोयाबीन आहे! हिरवं सोयाबीन! आपण बरडावरच्या वावरात एवढं पिकवलं, कधी तोंडात नाही टाकलं. अन हे पोरगी पाकिटात भरून आणून राहिली.”

“बाबा, जपानमध्ये खातात असंच. हिरवं असताना.”

“जपानवाल्यायले सांग, आमच्या वावरात या म्हणा, फुकट तोडून न्या म्हणा.”

सगळे हसले. मीही हसले. तोवर राग आलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. पोरीने सकाळीच कारध्याला फोन लावून माझ्या आईला दुपारी बोलावून घेतलं. मग मोबाइल डब्याला टेकवून उभा केला, त्यात कोणी बाई हसत हसत पीठ मळत होती, आणि कामाला लागली. मैद्यात मीठ घालून वरून कढत पाणी ओतलं, चमच्याने ढवळलं, सोसवेल तसं हाताने मळलं आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलं. झिंगे पाण्यात सोडले. मी ते उचलले आणि सवयीने मागच्या दाराकडे निघाले. विळी बाहेर, पाटा बाहेर, सगळं बाहेर.

“कुठे चाललीस? इकडे आण ना, इथेच चिरू.”

मी थांबले. झिंग्यांचं भांडं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिले आणि सासूबाईंकडे पाहिलं. त्या समोर खुर्चीवर बसून तांदूळ निवडत होत्या. आता त्या बोलतील, म्हणतील, बेटा, हे मागं ने. मी वाट पाहत होते. खरंच सांगते, त्या बोलाव्यात असं मला वाटत होतं. त्या बोलल्या असत्या तर जगाची घडी जिथल्या तिथे राहिली असती.

त्या तांदूळच निवडत राहिल्या. पोरीने वरच्या फळीवरून पितळेचा मोठा गंज काढला. तो सासूबाईंचा जीव की प्राण. भंडाऱ्याच्या भांडेआळीत स्वतः वाजवून, निवडून घेतलेला, दिवाळीला आणि महालक्ष्म्यांना वापरायचा. तिने त्यात पाणी ओतलं, वर चाळण ठेवली, मापात बसते का पाहिलं. सासूबाईंनी मान वर केली, गंजाकडे पाहिलं, चाळणीकडे पाहिलं.

“चाळण नीट धू बरं, पीठ अडकलं असन छेदाईत,” म्हणाल्या आणि पुन्हा तांदळात मान घातली.

तिथे माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं नवऱ्याच्या आवडीचं झिंग्यांचं कालवण मी पावसात, थंडीत, धुराने डोळे चोळत मागच्या चुलीवर शिजवलं. पोटुशी असताना शिजवलं. चुलीपासून उठून आत आले तर आधी हात-पाय धुवून आले. आणि आज महालक्ष्म्यांच्या गंजावर झिंगे चढणार होते आणि अडचण काय, तर चाळणीच्या छिद्रांत पीठ अडकलं असेल. पोरीवर माझा राग नव्हता. तिला काय माहीत? राग त्या नियमावर होता. इतका सहज उठून जाणारा होता तर इतकी वर्षं माझ्या आईच्या वाट्याला का बसला होता?

विळीऐवजी सुरी घेतली आणि ओट्यावर, आतल्या ओट्यावर, झिंगे चिरले. चिरताना एक उचलून नाकाशी नेला. कसलाच वास नाही. फ्रिजमध्ये रात्रभर राहिलेल्या ताटलीला येतो तेवढा. काही झिंगे अगदी बारीक केले, काही जाडसर ठेवले, मोबाइलमधली बाई तसंच सांगत होती. पोरीने सोयाबीनचे दाणे उकळत्या पाण्यातून काढून अर्धे ठेचले, अर्धे तसेच टाकले. आलं, लसूण, पातीचा कांदा, मिरपूड, थोडं तेल. रंग मात्र सुंदर आला, फिकट गुलाबी आणि पोपटी. पिठाच्या लहान गोळ्या करून आम्ही पाऱ्या लाटल्या. मधे सारण ठेवून ती एका बाजूला बारीक चुण्या घालत होती. मी आपली करंजीसारखी दुमडून दाबत होते. ती म्हणाली, आई, चुण्या घाल ना. मी म्हटलं, शिजलं म्हणजे झालं, चुण्या पोटात जाऊन कोण मोजणार आहे? माझ्या आवाजाची धार तिला जाणवली असावी. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मोबाइलचा आवाज कमी केला.

चाळणीवर पत्ताकोबीची पानं अंथरून डंपलिंग ठेवले, वर झाकण. वाफेवर पाऱ्या हळूहळू पारदर्शक झाल्या आणि आतला हिरवा दाणा बाहेरून दिसायला लागला. पोरगी टाळ्या वाजवायची तेवढी बाकी होती. जेवणाच्या टेबलावर, हो, टेबलावर, ताटल्या मांडल्या गेल्या. सासूबाईंनी एक घेतला, फुंकर मारून खाल्ला, दुसरा घेतला, तिसरा घेतला.

“छान झालं. नरम आहे, दाताले लागत नाही,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून अगदी प्रेमाने म्हणाल्या, “पाह्य, वासच नाही अजिबात. असे झिंगे आणत जा ना. मग कायले बाहेर कराचं?”

मी उठले आणि ताटल्या गोळा करायला लागले. लोक जेवत असताना. एक ताटली नवऱ्याच्या हाताखालून ओढली. तो माझ्या मागे ओट्याशी आला.

“काय झालं? काहून आपटून राहिली?”

“आई येणार आहे दुपारी.”

“हाव, माहीत आहे. मंग?”

“ती आत बसणार आहे आज. या टेबलावर बसून खाणार आहे.”

तो खराखुरा गोंधळला. त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. “मंग बसू दे ना. कोणी अडवलं काय तुझ्या आईले?”

कोणी अडवलं काय. संसारात नवऱ्याच्या तोंडून मी बरंच काही ऐकून घेतलं असेल, पण या वाक्याइतका संताप मला कशाचा आला नाही. कारण ते खरं होतं. कोणीच अडवलं नव्हतं. एकदा हसून बोळ दाखवली होती, बस्स. त्यानंतर सगळे मोकळे. त्याला कधी खटकलं नाही, त्याच्या आईला कधी आठवलं नाही, आणि माझी आई आपली त्या एका हसण्याला धरून आयुष्यभर मागच्या दाराने येत राहिली. मी त्याला म्हटलं, “तू माझ्याशी आज बोलू नको.” एरवी घरात सर्वांसमोर मी त्याला अहो म्हणते. तो बाहेर गेला.

दुपारी बोळीतून चपलांचा आवाज आला. आई. ऑटोने पुलापर्यंत येऊन पुढे पायी आली होती. हातात कापडी पिशवी. मी मागच्या दारात जाईपर्यंत ती दगडाशेजारी पाटावर टेकलीसुद्धा होती, गुडघा चोळत. पाट कुठे ठेवतात हे तिला आमच्यापेक्षा चांगलं माहीत.

पिशवीतून तिने पोपटाच्या शेंगा काढल्या, आमच्याकडे वालाच्या जातीच्या हिरव्या शेंगांना पोपट म्हणतात. हिवाळ्यात तिच्या कुंपणावर त्यांचा वेल माजतो. मग एक पुडकं काढलं. आधी कापड, त्यावर प्लास्टिक, त्यावर पुन्हा प्लास्टिक, आणि प्रत्येकाला घट्ट गाठ. सुके झिंगे. माझ्यासाठी ती दर वर्षी वाळवते. त्या गाठी मी कितीदा सोडल्या असतील, पण आज त्यांच्याकडे पाहून मला कळलं की त्या झिंग्यांना ओल लागू नये म्हणून मारलेल्या नाहीत. ऑटोत, बोळीत, आमच्या सांदवाडीत वास सुटू नये म्हणून मारलेल्या आहेत. दातांनी आवळलेल्या.

“आत चल,” मी म्हटलं.

“मी इथंच बरी आहो. ऊन चांगलं आहे.”

इतक्यात पोरगी ताटली घेऊन आली, वाफाळते डंपलिंग आणि बाजूला वाटीत लाल चटणी. आजीच्या गळ्यात पडली आणि ताटली तिच्या मांडीवर ठेवली. मी म्हटलं, अगं, आत नेऊ ना तिला. टेबलावर बसू दे. पोरगी हसून म्हणाली, “अगं, कारध्याच्या आजीला इथेच आवडतं. तिला ऊन आवडतं. लहानपणापासून बघतेय मी.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. माझी पोरगी. माझ्याच पोटची. ती या घरात वाढली आणि तिने पाहिलं काय, तर तिची एक आजी खुर्चीवर बसते आणि एका आजीला ऊन आवडतं. उन्हाळ्यातही आवडतं. टिनाखाली घामाने भिजत असतानाही आवडतं.

आईने एक डंपलिंग उचलला, उलटसुलट पाहिला, चुण्यांचं कौतुक केलं. “किती बारीक दुमडलं माय, फुलावानी.” मग खाल्ला. बराच वेळ चावत राहिली. पोरगी तोंडाकडे बघत होती.

“कसा झालाय आजी?”

“चांगला आहे. नरम आहे,” आई म्हणाली. नातीचं मन मोडायचं नव्हतं तिला. मग उरलेला अर्धा हातात धरून तिने आतला गुलाबी तुकडा पाहिला, नाकाशी नेला. “झिंगाच हाय ना? वास नाही येत याले.”

“पाकिटातला आहे ना आजी. साफ केलेला असतो. आम्ही आतच शिजवला, इथल्या आजीच्या पितळेच्या गंजावर.”

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, टोमणा नव्हता. एखादी गोष्ट उमगावी आणि पटावी, तसं ती म्हणाली, “हं. वास नाही, म्हणून आत शिजला.”

आणि दुसरा उचलला.

मी सुक्या झिंग्यांचं पुडकं घेतलं आणि आत गेले. गाठी सुटेनात, तेव्हा सुरीने कापल्या. ओट्यावर पोळ्यांचा तवा होता, सासूबाईंचा, लोखंडी, ज्यावर आजवर पोळीशिवाय काही पडलेलं नाही. तो गॅसवर ठेवला. गॅस मोठा केला. तवा तापल्यावर ओंजळभर झिंगे त्यावर टाकले.

ज्यांनी सुके झिंगे भाजलेले पाहिले नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. आधी क्षणभर काही होत नाही. मग ते तडतडतात आणि एकदम सगळं घर त्यांचं होतं. वास ओट्यावरून उठला, टेबलावरून गेला, बैठकीत गेला, पडद्यांत शिरला, देवघराच्या दारापर्यंत पोहोचला. खिडकी बंद होती, मी उघडली नाही. पंख्याचं बटण हाताशी होतं, दाबलं नाही. माझं दप्तर, माझी वेणी, माझी उशी, सगळं त्या वासात होतं, आणि मी तिथे दात आवळून उभी होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, धूर नव्हता तरी.

“हे काय वं! घरात?” सासूबाई बैठकीतून ओरडल्या. “कायचा वास येऊन राहिला?”

“झिंग्यांचा,” मी ओरडून सांगितलं. “माझ्या आईने आणलेत. नदीचे आहेत. यांना वास असतो.”

नवरा दाराशी आला, माझं तोंड पाहिलं आणि होता तिथेच थांबला. सासूबाई त्याच्या मागे, नाकाला पदर लावलेला. कोणी काही बोलायच्या आत मागच्या बाजूने ताटली खणकन पडल्याचा आवाज आला आणि धावत पावलं आली. माझी आई. तिचे गुडघे दुखतात, ती धावत नाही. ती धावत आली, चपला बाहेर सांडल्या, उंबरा ओलांडला आणि थेट माझ्याशेजारी, शेगडीपाशी येऊन उभी राहिली.

“बंद कर वं माय, बंद कर! वास जाते त्याईच्या घरात!”

त्याईच्या घरात. मी बोलावलं तेव्हा ती आली नाही. हात धरून ओढलं तेव्हा आली नाही. आली ती या लोकांच्या घरात आपला वास जाऊ नये म्हणून, तो वास आपल्या हाताने विझवायला.

तिने गॅसच्या बटणाकडे हात नेला. मी तिचं मनगट धरलं. “माझं घर आहे,” मी म्हटलं. आवाज फाटला. “ऐकलंस? माझं आहे. तुझे झिंगे माझ्या घरात भाजणार.”

ती गोंधळून गेली. एकदा माझ्याकडे, एकदा दारातल्या सासूबाईंकडे पाहू लागली. मग बहुतेक तिच्या ध्यानात आलं की आपण कुठे उभ्या आहोत. तिने लुगडं घोट्यांच्या वर उचलून धरलं, फरशीला लागू नये असं, आणि अंग चोरून ओट्यापासून जराशी मागे झाली. कशालाही हात न लावता ती माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिली, दुकानातल्या काचसामानात लहान पोरं उभी राहतात तशी. मागे वळून निघून जाईल असं मला वाटलं. दार तिच्या पाठीशीच होतं. सासूबाई पदर नाकाला धरूनच उभ्या होत्या, ‘या’ही म्हणाल्या नाहीत आणि ‘जा’ही म्हणाल्या नाहीत. पोरगी आजीच्या चपला हातात घेऊन मागच्या दारात आली होती. ती एकदा आजीच्या पायांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होती. ऊन आवडतं म्हणाली होती ती, आणि आता तिचं तोंड पडलं होतं.

तव्यावरचे झिंगे करपायला लागले. माझं लक्ष नव्हतं. आईचं होतं.

“अवं, जळून राहिले ना!” ती म्हणाली. लुगडं हातातून सुटलं. तिने ओट्यावरचा सराटा उचलला, पोळ्यांचा, आतला, आणि मला कोपराने बाजूला सारून झिंगे भराभर परतायला लागली. दुसरा हात गॅसच्या बटणाकडे गेला. मी या वेळी अडवलं नाही. तिने बटण फिरवलं, ज्योत खाली गेली, निळी, बारीक. तिने गॅस बंद केला नाही. कमी केला.

सासूबाई वळून बैठकीत गेल्या आणि टीव्हीचा आवाज वाढला. नवरा तिथेच राहिला. पोरीने चपला खाली ठेवल्या, पोपटाच्या शेंगा आत आणल्या आणि कोणी न सांगता खाली बसून सोलायला घेतल्या. उरलेलं पीठ अजून ओल्या फडक्याखाली होतं. झिंगे लाल, कुरकुरीत झाले. आईने ते हातावर चोळले, फुंकर मारून मिशा उडवल्या, माझ्या ओट्यावर, माझ्या फरशीवर. मग नव्या सारणासाठी पोपटाच्या उकडलेल्या दाण्यांत मिसळले आणि पातीचा कांदा चिमटीने वर टाकला. चव घेऊन पाहिली. फळीवरच्या डब्यांवरून तिची नजर फिरली, एकदा या टोकाहून त्या टोकाला, मग परत. माझी पोरगी जन्मली, वाढली, नोकरीला लागली, त्याच्याही आधीपासून ही बाई माझ्या घरी येते आहे.

“मीठ कुठं ठेवतं वं तू?” आईने मला विचारलं.